स्वयंपाकघरांतील आलमारीचा रंग

आश्विन लागला कीं वऱ्हाडांत घरोघर झाडलोट सुरू होते. पावसाळ्यांत ओल धरलेल्या गाद्या गच्चीवर जातात, माळ्यावरचीं भांडीं खालीं येतात, चिंच आणि राख लावून पितळेचे डबे घांसले जातात, आणि भिंतींस नुसता चुना द्यावयाचा कीं बाजारी रंग, यावर घरांत दोन तट पडतात. या सर्व धामधुमींत एका वस्तूची आठवण बहुधा अगदीं शेवटीं, दिवाळी चार दिवसांवर येऊन ठेपल्यावर होते. ती म्हणजे स्वयंपाकघरांतील आलमारी. मग कोणी तरी बाजारांतून रंगाचा एक डबा आणि दोन कुंचले घेऊन येतो, शाळेस सुट्टी लागलेल्या मुलांच्या हातीं कांचकागदाचे तुकडे देऊन त्यांस उद्योगास लावलें जातें, आणि धनत्रयोदशीच्या आंत आलमारी चकचकीत होते. संक्रांतीपर्यंत तिच्या मुठीभोंवतालच्या रंगाचीं सालपटें निघूं लागतात आणि दोष रंगाच्या कारखान्यास दिला जातो.

आमच्या मतें अशा वेळीं रंगाचा दोष क्वचितच असतो. रंग देणें हें या कामाचें सर्वांत सोपें आणि सर्वांत शेवटचें अंग आहे. खरें काम त्याच्या आधींचें; जुन्या लाकडावर काय काय बसलें आहे तें ओळखण्याचें आणि त्याची योग्य ती विल्हेवाट लावण्याचें. त्यांतही एक गोष्ट अशी आहे कीं, तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास नुकसान आलमारीचें न होतां घरांतील लहान मुलांचें होतें. वर ज्या कांचकागदाच्या तुकड्यांचा उल्लेख केला, ते मुलांच्या हातीं मुळींच जातां कामा नयेत. त्याचें कारण पुढें येईलच.

वऱ्हाडांत 'कपाट' हा शब्द बहुधा लिहिण्यापुरता, बोलण्यांत आलमारीच. जुन्या घरांतून ती भिंतींतच बसविलेली असते. दीड-दोन हात जाडीची मातीची भिंत, तींत सोडलेला कोनाडा, आंत फळ्या आणि बाहेरून दोन झडपा, असें तिचें रूप. देशावरील मंडळी तिला फडताळ म्हणतील. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस मेळघाटचें सागाचें अरण्य आणि त्याच्या पायथ्याशीं परतवाड्याची लाकडाची पेठ. यामुळें इकडील मध्यम स्थितीच्या घरांतूनही झडपा आणि चौकटी अस्सल सागाच्या आढळतात. इतकें उत्तम लाकूड रंगाखालीं कां झांकलें, असें आज कोणासही वाटेल. त्याचें उत्तर चुलींत आहे. धुरानें लाकूड थोड्याच वर्षांत काजळून जाई, आणि काजळी धूत बसण्यापेक्षां तिच्यावर रंग चढविणें सोयीचें वाटे.

तयार रंगही हळूहळू हाताशीं आला. १८६७ सालीं लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोंचला आणि अकोला व बडनेरा हीं स्थानकें मुंबईस जोडलीं गेलीं. तेलरंगाचा मोठा कारखाना आपल्या देशांत १९०२ मध्यें कलकत्त्याजवळ हावड्यास निघाला. पुढें १९४२ मध्यें, महायुद्धामुळें परदेशी माल येणें दुरापास्त झालें असतां, मुंबईस गिरगांवच्या गायवाडींत चौघा मित्रांनीं एका लहानशा जागेंत रंग तयार करण्यास आरंभ केला. तीच आजची एशियन पेंट्स कंपनी. लहान लहान डब्यांतून रंग गांवोगांवच्या दुकानांत जाऊं लागला, आणि आलमारीस रंग देणें हें रंगाऱ्याचें काम न राहतां घरच्या मंडळींचें झालें. आज एखाद्या जुन्या झडपेचा टवका उडाला तर आंत थरावर थर दिसतात. वर बदामी, त्याखालीं निळा, त्याखालीं गर्द हिरवा. प्रत्येक थर एकेका पिढीच्या आवडीचा.

नव्या घरांतून हें चित्र पालटलें आहे. ओट्याखालीं प्लायवुडचे कप्पे, त्यांवर सनमायका, अथवा सरळ पोलादी चौकटी. सनमायकावर रंग धरण्यासाठीं निराळें अस्तर लागतें, आणि दाबलेल्या भुशाच्या फळीस पाणी लागलें कीं ती फुगते व पुन्हां मूळ स्थितीस येत नाहीं. अशा फळीच्या कडा फुगलेल्या असतील तर रंगाचा खर्च न करतां फळीच बदलावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. पुढील विवेचन मुख्यतः लाकडाच्या आणि पूर्वीं रंगविलेल्या आलमारीसंबंधीं आहे. तेलकटपणाविषयीं जें सांगावयाचें तें मात्र सर्वांसच लागू पडतें.

तो तेलकटपणा म्हणजे काय, हें नीट पाहिलें तर मोठें मौजेचें आहे. तेलांचे रसायनशास्त्रज्ञ तीन वर्ग करतात: हवेंत वाळणारीं, अर्धवट वाळणारीं आणि न वाळणारीं. आपल्या वऱ्हाडांत व नागपुराकडे रब्बीच्या हंगामांत जें जवस पिकतें, त्याचें तेल पहिल्या वर्गांत अग्रगण्य आहे. सरकी, तीळ आणि हल्लीं सर्वत्र झालेलें सोयाबीन यांचीं तेलें दुसऱ्या वर्गांतील, शेंगदाण्याचें तेल दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गांच्या सीमेवरचें, खोबरेल तिसऱ्यांतलें. तेल वाळतें तें पाण्याप्रमाणें उडून जाऊन नव्हे. तें हवेंतील प्राणवायु शोषून घेतें, त्याचे कण एकमेकांस जखडले जातात आणि पातळ तेलाचा चिवट पापुद्रा बनतो. या क्रियेंत त्याचें वजन कमी न होतां उलट वाढतें. जवसाच्या तेलाच्या याच गुणावर शेंकडों वर्षें जगांतील तेलरंगांचा व्यवसाय चालला. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातों, त्याच जवसाच्या तेलांत रंगारी रंग घोटीत असे.

आतां फोडणीकडे वळूं. कढईंतून उडालेले तेलाचे सूक्ष्म कण वाफेबरोबर वर जातात आणि आलमारीच्या झडपांवर बसतात. उष्णता आणि हवा यांमुळें त्यांचाही पापुद्रा होऊं लागतो. परंतु सरकी किंवा सोयाबीन अर्धवटच वाळणारें असल्यामुळें पापुद्रा पुरा कठीण होत नाहीं. तो चिकट राहतो, त्यावर धूळ, हळद आणि तिखटाची वस्त्रगाळ बसते, पुन्हां तेल, पुन्हां धूळ. सारांश, आपण रंग देण्यापूर्वींच स्वयंपाकघरानें त्या झडपांस एक वाईट प्रतीचा तेलरंग दिलेला असतो. त्याच्यावर दिलेला नवा रंग लाकडास न चिकटतां या मधल्या चिकट थरास चिकटतो, आणि तो थर सुटला कीं रंगही त्याच्याबरोबर सुटतो. मुठीभोंवतीं तो प्रथम सुटतो, कारण तेथें हाताच्या तेलाची भर पडते.

म्हणून प्रथम धुणें. याला धुण्याच्या सोड्याइतकें स्वस्त आणि गुणकारी साधन दुसरें नाहीं. एक लिटर कढत पाण्यांत दोन मोठे चमचे सोडा विरघळवावा, हातांत रबरी मोजे घालावे, आणि जाडसर फडकें त्यांत बुडवून, पिळून, झडपा पुसाव्या. सोडा तेलाचा कांहीं अंशीं साबण करून टाकतो व उरलेलें तेल सैल होतें. पुसतांना खालून वर जावें. वरून घाण पाण्याचे ओघळ कोरड्या मळक्या भागावर आले तर त्यांचे डाग काढणें कठीण पडतें. फार जुनाट चिकटा असल्यास ओलें फडकें दहा मिनिटें तसेंच दाबून ठेवावें. कित्येक घरांत पूर्वीं रॉकेलनें पुसण्याची चाल असे. रॉकेलनें चिकटा निघतो खरा, पण स्वतःचा तेलकट अंश तें मागें ठेवतें; तेव्हां त्याच्यानंतरही सोड्याचें पाणी चुकत नाहीं. बिनरंगाच्या उघड्या सागास मात्र सोडा लावूं नये, लाकूड काळवंडतें.

सोडा धुऊन काढण्याच्या पाण्याविषयीं वऱ्हाडांत एक विशेष सांगितलें पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचें पाणी इतकें क्षारयुक्त कीं साबणास फेस येत नाहीं. त्या पाण्यानें झडपा कितीही धुतल्या तरी वाळल्यावर त्यांवर पांढरा पुटकुळा राहतो, आणि तो रंगाचा तेलाइतकाच वैरी आहे. अशा गांवीं शेवटचीं दोन पुसणीं तरी पिण्याच्या गोड्या पाण्यानें करावीं. बादलीभर पाणी पुरतें. झडप स्वच्छ झाली किंवा नाहीं याची परीक्षा सोपी आहे. तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकावे. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आहे. पसरून गेले तर काम झालें. त्यानंतर एक अहोरात्र झडपा वाळूं द्याव्या.

आतां वर सांगितलेल्या त्या कांचकागदाकडे येतों. रंग धरावा म्हणून जुना थर थोडा खरबरीत करावा लागतो हें सर्वांस ठाऊक आहे. पण जो थर आपण घांसतों त्यांत काय आहे याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. जुन्या तेलरंगांत शिसें असे, आणि पुष्कळ असे. सफेता म्हणून जो पांढरा रंग जवसाच्या तेलांत घोटीत, तो शिशाचाच एक क्षार होता; अशा रंगाच्या वाळलेल्या थराच्या वजनांत निम्मा भागही शिशाचा असूं शके. लोखंडी गजांस गंज लागूं नये म्हणून प्रथम जो शेंदरी हात देत, तो शेंदूर म्हणजे शिशाचेंच भस्म. क्रोम पिवळा हाही शिशाचा. आणि आमच्या स्वयंपाकघरांतील आलमाऱ्यांवर ज्याचें राज्य होतें, तो गर्द हिरवा रंग पुष्कळदां याच पिवळ्यांत निळा मिसळून तयार होई. शिवाय रंग लवकर वाळावा म्हणून शिशाचे निराळे क्षार घालीत ते वेगळेच. भिंतीच्या चुन्यांत किंवा पाण्याच्या रंगांत हें विष सहसा नसे. प्रश्न आहे तो दारें, खिडक्या, पाळणे आणि आलमाऱ्या यांवरील तेलरंगाचा.

हें ज्ञान कांहीं कालचें नव्हे. १९०४ मध्यें ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथील लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरानें तेथील मुलांस होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचें मूळ घरांच्या भिंती व व्हरांड्याचे रंगविलेले कठडे यांत आहे, असें दाखवून दिलें. कडक उन्हानें रंगाची भुकटी होई, ती मुलांच्या हातांस लागे आणि हातांतून तोंडांत जाई. वऱ्हाडचा उन्हाळा पाहिलेल्या माणसास हें पटावयास वेळ लागूं नये. १९२१ मध्यें जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें इमारतींच्या आंतील रंगकामांत सफेत्याचा वापर बंद करण्याविषयीं करार संमत केला. अमेरिकेनें घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्यें बंदी घातली. आपल्याकडे त्यासंबंधींचे नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजीं प्रसिद्ध झाले आणि ते एक वर्षानें, म्हणजे नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आले. त्यांप्रमाणें घरगुती रंगांत दहा लक्ष भागांत ९० भागांपेक्षां अधिक शिसें असतां कामा नये, आणि तसें डब्यावर छापलेलें असलें पाहिजे. डबा घेतांना तो मजकूर वाचून घ्यावा; दुकानदाराच्या शब्दावर विसंबूं नये.

परंतु नियम लागू झाला तो डब्यास. झडपेवर आधींच बसलेल्या चार थरांस तो कसा लागू होणार? २०१७ च्या पूर्वीं दिलेला कोणताही तेलरंग शिशाचा आहे असें समजूनच वागावें, हें शहाणपणाचें. नुसत्या डोळ्यांनीं पाहून त्यांतील शिसें ओळखतां येत नाहीं.

शिसें मोठ्या माणसासही अपायकारक आहेच. परंतु लहान मुलांच्या पोटांत गेलेल्या शिशापैकीं मोठ्यांच्या चौपट-पांचपट भाग त्यांच्या शरीरांत शोषला जातो, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा आघात वाढत्या मेंदूवर होतो. मूल आजारी दिसतेंच असें नाहीं. तें चिडखोर होतें, त्याचें लक्ष लागत नाहीं, अभ्यासांत मागें पडतें, आणि आपण त्यास आळशी ठरवितों. रक्तांत शिशाचें अमुक प्रमाण निर्धोक आहे, अशी मर्यादाच सांगतां येत नाहीं. तथापि एक डेसिलीटर रक्तांत ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसें आढळल्यास तें कोठून येतें याचा शोध घेऊन तें बंद करावें, असें त्या संघटनेनें २०२१ मध्यें सांगितलें आहे. शरीरांत गेलेलें शिसें हाडांत सांठून राहतें आणि गरोदरपणीं तेथून सुटून गर्भापर्यंत पोहोंचतें.

आतां दिवाळीच्या सुमाराचें आपलें घर डोळ्यांसमोर आणावें. थोरला मुलगा नोकरीच्या गांवाहून सहकुटुंब आलेला, त्याचें रांगतें मूल स्वयंपाकघराच्या फरशीवर. मुलगी बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली. आणि त्याच खोलींत दहा वर्षांचीं दोन मुलें कोरड्या कांचकागदानें आजोबांच्या वेळची हिरवी झडप घांसताहेत. ती हिरवी धूळ कणकेवर बसते, फरशीवर बसते, रांगणाऱ्या मुलाच्या तळहातास लागते. याहून वाईट व्यवस्था मुद्दाम करावयाची म्हटली तरी सुचणार नाहीं. आमच्या आजीबाई कल्हईवाल्यास कथिल पारखून घ्यावयास लावीत; कथलांत शिसें मिसळलेलें असेल तर तें भांड्यांतून पोटांत जाईल ही भीति त्यांस होती. तीच पारख आलमारीच्या बाबतींत ठेवावयाची आहे, एवढेंच.

मग करावें काय? जुना रंग घट्ट असेल, कोठें पापुद्रे सुटत नसतील, तर तो काढण्याच्या भरीस मुळींच पडूं नये. स्वच्छ धुतलेल्या झडपेवर पाण्यांत भिजवून वापरावयाचा काळा कागद, ज्यास दुकानदार वॉटरपेपर म्हणतात, तो ३२० नंबरचा घेऊन चकाकी जाईपर्यंतच हलक्या हातानें फिरवावा. झडप सारखी ओली ठेवावी, म्हणजे धूळ उडत नाहीं; जो राडा होतो तो ओल्या फडक्यानें टिपून घ्यावा. नव्या रंगाखालीं बंद झालेला जुना घट्ट थर तसा निरुपद्रवी असतो. सुटलेले पापुद्रे मात्र पाणी शिंपडून, पत्रीनें हळूच खरवडून काढावे. दिव्याच्या ज्योतीनें किंवा गरम हवेच्या यंत्रानें रंग फुलवून काढण्याची कांहीं रंगाऱ्यांची रीत आहे. तिच्यांत शिशाची वाफ होते, तेव्हां ती घरांत करूंच देऊं नये. यंत्रानें कोरडें घांसणेंही तसेंच वर्ज्य.

हें काम करणारानें नाकातोंडावर एन-९५ अथवा त्याहून चांगला मुखवटा बांधावा. साधा रुमाल पुरत नाहीं. झडपा बिजागऱ्यांतून काढून घराबाहेर नेल्या तर उत्तमच, पण खालीं प्लास्टिकचें जाड कापड अंथरून. ज्या गच्चीवर उन्हाळ्यांत कुरडया आणि सांडगे वाळतात, तिच्यावर उघडें घांसकाम करूं नये, आणि तें पाणी तुळशीच्या किंवा भाजीच्या आळ्यांत ओतूं नये. मागाहून झाडूनें झाडूं नये; ओल्या फडक्यानें पुसावें आणि फडकीं व सालपटें पिशवींत बांधून टाकावीं. कामाचे कपडे निराळे धुवावे. आणि काम चालूं असतां मुलें व गर्भवती स्त्रिया यांनीं त्या बाजूस फिरकूं नये. यांत भित्रेपणा मुळींच नाहीं. आमच्या ओळखीच्या कांहीं घरांतून "आम्हांस काय झालें?" असा प्रश्न वडील मंडळी करतात. काय झालें हें त्या वेळीं कोणीं मोजलें नव्हतें, इतकेंच त्यास उत्तर.

घरांत पूर्वीं असें कोरडें घांसकाम झालेलें असेल आणि लहान मूल त्यांत वावरलें असेल तर डॉक्टरांस विचारून रक्तांतील शिशाची तपासणी करून घ्यावी. नाचणी, तीळ, दूध, पालेभाज्या असा चुना आणि लोह देणारा आहार मुलांस मिळत असेल तर पोटांतून शिसें कमी शोषलें जातें, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

एवढें झालें कीं पुढील काम खरोखर सुलभ आहे. खांचा, जुन्या खिळ्यांचीं भोंकें आणि भेगा यांत लांबी भरावी. खडूची भुकटी जवसाच्या तेलांत मळून ती घरींही होते, पण तिला वाळावयास दिवस लागतात, म्हणून तयार आणलेली बरी. तीवर अस्तराचा एक हात, तो वाळल्यावर पुन्हां ओला कागद फिरवून रंगाचे दोन पातळ हात. जाड एक हात हा दोन पातळ हातांची बरोबरी कधींच करीत नाहीं. तो वरून सुकतो आणि आंतून ओला राहतो. एक लिटर रंग एका हातास साधारणपणें शंभर ते सव्वाशें चौरस फुटांस पुरतो, तेव्हां चार झडपांच्या आलमारीस मोठा डबा आणून तो पुढें वर्षभर सांभाळीत बसण्याचें कारण नाहीं.

रंग तेलाचा घ्यावा कीं पाण्याचा? तेलाच्या रंगाचा गुळगुळीतपणा अजूनही पुष्कळांस आवडतो. परंतु त्याचा वास आठवडेच्या आठवडे जात नाहीं, आणि पांढरा तेलरंग बंद, काळोख्या जागीं पिवळा पडतो. आलमारीच्या आंतल्या बाजूस तर तो देऊंच नये; चहा, कणीक आणि तूप हे पदार्थ वास ओढून घेण्यांत मोठे तरबेज असतात. हल्लीं लाकडासाठीं पाण्यांत मिसळणारे कठीण रंग मिळतात. ते एक-दोन तासांत वाळतात आणि त्यांस उग्र दर्प नसतो. मात्र जुन्या तेलरंगावर ते सरळ दिल्यास नखानें निघतात. मध्यें चांगलें धरणारें अस्तर हवेंच.

एखाद्या भाग्यवान घरांत आलमारीस कधीं रंगच दिलेला नसेल आणि साग उघडा असेल, तर आमचें सांगणें असें कीं कृपा करून तो रंगवूं नका. सागाच्या अंगीं स्वतःचें तेल असतें, रंग त्यास मनापासून धरीतही नाहीं. किंचित् ओल्या फडक्यानें पुसून, वाळवून, बाहेरच्या बाजूस उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, म्हणजे रंगारी ज्यास बेलतेल म्हणतात त्याचा, पातळ हात द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांनीं राहिलेलें तेल कोरड्या फडक्यानें टिपून घ्यावें. त्या फडक्याविषयीं एक महत्त्वाची सूचना. जवसाचें तेल वाळतांना उष्णता बाहेर पडते. तेलानें भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यांत टाकल्या तर ती उष्णता कोंडून त्या आपोआप पेट घेतात. अशा आगी खरोखर लागतात. फडकीं मोकळ्या जागीं एकेरी पसरून वाळवावीं अथवा पाण्यांत बुडवून ठेवावीं.

काळ कोणता निवडावा, हें वऱ्हाडच्या हवेवरून ठरतें. अकोल्यास वैशाखांत पारा ४५ अंशांवर चढणें हें नवल नव्हे; अशा उष्णतेंत रंग कुंचल्याखालींच सुकतो आणि कुंचल्याच्या रेघा कायमच्या राहतात. पावसाळ्यांत लाकूड फुगलेलें असतें, तेव्हां दिलेला रंग पुढें सांध्यांत तडकतो. कोजागिरीपासून पुढचा काळ सर्वांत उत्तम. धुण्यास व वाळण्यास दोन दिवस, लांबी व अस्तर यांस दोन, रंगास दोन. आणि दिवाळीपर्यंत रंग कठीण होण्यास आठवडा उरतो. मोठ्या कुटुंबांत स्वयंपाकघर सहा दिवस बंद ठेवणें शक्य नसतें, म्हणून एका वेळीं अर्धीच आलमारी घ्यावी. झडपांवर बिजागरीच्या खांचेंत क्रमांक लिहावे आणि प्रत्येक झडपेचे स्क्रू निराळ्या वाटींत ठेवावे. सगळे एका डब्यांत टाकले कीं परत लावतांना अर्धा दिवस जातो आणि घरांत वादावादी होते ती वेगळीच.

रंग कोणता, हा प्रश्न बहुधा बैठकींत, पुरुषांच्या चर्चेंत सुटतो, हें आम्हांस कधींच उमगलें नाहीं. ज्यांचे हात त्या झडपेस दिवसांतून पन्नास वेळां लागतात त्यांसच तो विचारावा. मातीच्या जाड भिंतींच्या घरांत स्वयंपाकघर मुळांतच अंधारें असतें. तेथें आंतून फिकट रंग दिला तर वृद्ध सासूबाईंस हिंगाची डबी चाचपडावी लागत नाहीं. पांढऱ्यावर हळदीचे डाग दिसतात ही तक्रार खरी, पण हळदीचा डाग उन्हांत फिका पडतो. झडप दोन दिवस उन्हाकडे उघडी ठेवली तर पुष्कळसें काम होतें. तेलाचा डाग गर्द रंगावर दिसत नाहीं म्हणून गर्द रंग घेणें हें आम्हांस पसंत नाहीं. न दिसणारा डाग पुसलाही जात नाहीं.

झडपा परत बसविल्यावर पहिला आठवडा त्या घट्ट लावूं नयेत. वरून वाळलेला रंग आंतून मऊ असतो, आणि झडप चौकटीस चिकटून ओढली कीं कडेचा रंग निघून येतो. मध्यें मेणकागदाच्या पट्ट्या घालाव्या. फळ्यांवर जड डबे ठेवण्याची घाई करूं नये, त्यांचीं वर्तुळें उठतात. पाण्याच्या रंगास पुरता कठीण होण्यास दोन-तीन आठवडे लागतात, तोंवर ओल्या फडक्यानें घांसून पुसूं नये. उरलेला रंग लहान बरणींत कांठोकांठ भरून, झांकण घट्ट लावून ठेवावा. हवा कमी राहिली तर साय धरत नाहीं. आणि झडपेच्या मागच्या बाजूस, वरच्या कोपऱ्यांत, रंग दिल्याचें साल, डब्यावरचा क्रमांक आणि खालीं जुना तेलरंग आहे किंवा नाहीं, एवढें शाईनें लिहून ठेवावें. तीस वर्षांनीं ती झडप घांसावयास घेणारास तें वाचतां यावें.